चेहऱ्यावरचे फोड, चुकणारी पाळी आणि आपली ड्यूटी

(जबलपूर येथे रेल्वे व डाक कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



विषय ऐकून मागच्या रांगेतले काही बंधू खाली बघू लागले आहेत. त्यांनी उठून जाऊ नये. बोनस आणि महागाई भत्त्यावर आपण एकत्र बसून बोलतो, तसेच यावरही बोलले पाहिजे. हा त्रास आपल्या घरातल्या मुलींना आहे. गँगमध्ये, पार्सल ऑफिसात, सॉर्टिंगच्या टेबलाशी आपल्याबरोबर उभ्या राहणाऱ्या भगिनींनाही आहे.

हनुवटीवर, जबड्याच्या कडेला दुखरे फोड येतात आणि तिशी उलटली तरी जात नाहीत. पाळी दोन-दोन महिने येत नाही. आली की दहा-पंधरा दिवस थांबत नाही. मग फोडांना मलम आणि पाळीला शेजारणीने सांगितलेली गोळी, असे दोन इलाज दोन दिशांना चालतात. पुष्कळदा दोन्हींचे मूळ एकच असते. डॉक्टर त्याला पीसीओएस म्हणतात. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ साली त्याचे वर्णन केले, तेव्हा हे आजकालच्या मुलींचे खूळ नव्हे. यात अंडाशयातून दर महिन्याला बीज सुटत नाही आणि ज्यांना पुरुषी म्हणतात ती संप्रेरके वाढतात. (ती प्रत्येक बाईच्या शरीरात थोडी असतातच, त्यात लाजण्यासारखे काही नाही.) त्यामुळे कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी जास्त काम करतात व फोड येतात. इकडे बीज न सुटल्याने गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहते आणि एके दिवशी अवेळी, भरमसाट जाऊ लागते.

"पाळी नाही तर बरेच, ड्यूटीला सोयीचे," असे भगिनी म्हणतात. तसे म्हणू नका. अस्तर वर्षानुवर्षे जाड राहिले तर पुढे कर्करोगाचाही धोका असतो. तीन महिने पाळी आली नाही, किंवा आठ दिवसांपेक्षा जास्त रक्त गेले, तर रेल्वेच्या भगिनींनी आपल्या केंद्रीय रुग्णालयात आणि डाक खात्यातल्यांनी सीजीएचएस दवाखान्यात जावे. तासातासाला पॅड बदलावे लागत असेल किंवा चक्कर येत असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि गरज पडल्यास सोनोग्राफी, एवढ्या तपासण्या होतात. थायरॉइड बिघडले तरी पाळी बिघडते, म्हणून अंदाजाने औषध नको. वजन जास्त असेल तर शेकडा पाच-दहा उतरवल्यानेही पुष्कळांची पाळी सुधारते. गोळ्या डॉक्टर देतील. फरक दिसायला काही महिने लागतात, मधेच सोडू नका. दुकानदाराने दिलेले गोरेपणाचे मलम मात्र आजच फेकून द्या. त्यात स्टेरॉइड असले तर फोड वाढतात.

आता बीडची गोष्ट. तिथल्या ऊसतोड भगिनींचा मोठा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात आला. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीच्या तक्रारी, अंगावरून पांढरे जाणे, पोटदुखी अशा कारणांनी ऐन उमेदीत ऑपरेशने झाली. खाडा पडला की मुकादम पैसे कापणार, फडात संडास नाही, पाणी नाही. मग पिशवीच नको, असा हिशेब. तो हिशेब त्या बायकांचा नव्हता, कामाच्या पद्धतीचा होता. आपल्या भगिनींना पगारी रजा आहे, दवाखाना आहे. तरीही "पिशवी काढून टाका" असा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय सही करू नका.

राहिली ड्यूटी. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये सहायक चालक झाल्या आणि २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. एवढ्या वर्षांत त्यांच्यामागून पुष्कळ मुली इंजिनावर आल्या, पण संडास नसलेली इंजिने अजून धावताहेत. लाइनवर काम करणाऱ्या ट्रॅकमन भगिनीला तर मैल-दोन मैल आडोसाही नसतो. पाळीच्या रजेबद्दल विचाराल, तर बिहार सरकारने १९९२ मध्ये महिला कर्मचाऱ्यांना महिन्याला दोन दिवस दिले, कर्नाटक मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये एक दिवस मान्य केला. आम्हांला ती रजा हवीच आहे. पण जिचे रक्त पंधरा दिवस थांबत नाही आणि सुरू कधी होईल हे तिलाही ठाऊक नाही, तिचे एका दिवसाने काय होणार? तिला ऐनवेळी ड्यूटी बदलून मिळाली पाहिजे, रात्रपाळी लागोपाठ लागता कामा नये आणि सिक मेमो मागताना चार पुरुषांसमोर कारण सांगावे लागू नये. या तीन गोष्टी आम्ही पुढच्या पीएनएमच्या अजेंड्यावर घेतो आहोत. साहेब हसले तर हसू देत. मिनिट्समध्ये नोंद मात्र झाली पाहिजे.

त्यासाठी आम्हांला माहिती लागेल. सभा संपल्यावर महिला समितीच्या भगिनी आतल्या खोलीत बसणार आहेत. कोणत्या सेक्शनला संडास नाही, कोणत्या रोस्टरला लागोपाठ रात्री लागतात, ते त्यांना सांगा. नाव लिहून घेतले जाणार नाही. आणि पाळी सुरू झाल्याची व थांबल्याची तारीख आजपासून कॅलेंडरवर टिपून ठेवा, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.