बंद खोल्यांतील कुजबूज



आपल्या खिशांतल्या टेलिफोनमध्यें आज किती बिऱ्हाडें नांदत आहेत, याचा आपण कधीं हिशेब केला आहे काय? बँकेचें ॲप, वर्तमानपत्राचें ॲप, रेल्वेचीं तिकिटें काढून देणारें ॲप, मुलांचा एखादा खेळ, अशीं वीस-पंचवीस बिऱ्हाडें त्या वीतभर जागेंत शेजारीं शेजारीं राहतात. एकाच्या हातीं आपली पुंजी असते. दुसऱ्याला आपले सर्व आप्तेष्ट ठाऊक असतात. आणि तिसरें कोणीं लिहिलें, कोठें लिहिलें, याची आपणांस मुळींच वार्ता नसते. या अपरिचित शेजाऱ्यांनीं एकमेकांशीं काय बोलावें व काय बोलूं नये, हें ठरविणारी सत्ता कोणती, आणि तिचा हात कोठवर पोंचतो, या प्रश्नाचा आज थोडासा विचार करावयाचा आहे.

ही सत्ता म्हणजे यंत्राची ऑपरेटिंग सिस्टिम. चालूं असलेल्या प्रोग्रॅमला प्रोसेस असें म्हणतात. प्रत्येक प्रोसेसला ही प्रणाली स्मृतीचा स्वतंत्र भाग तोडून देते, आणि एकीला दुसरीच्या भागांत डोकावूं देत नाहीं. याहून कडक बंदोबस्त करावयाचा झाल्यास फाइली, कॅमेरा, इंटरनेट यांच्या वाटाहि अडवितात. अशा बंदिस्त जागेला सँडबॉक्स, म्हणजे वाळूची पेटी, हें नांव पडलें आहे. मुलांनीं पेटींत हवा तसा खेळ मांडावा, पण वाळू घरभर सांडूं नये, हा तिचा हेतु. अँड्रॉइड प्रणाली प्रत्येक ॲपला निराळा वापरकर्ता समजून स्वतंत्र क्रमांक देते. २००८ मध्यें निघालेल्या क्रोम ब्राउझरनेंहि संकेतस्थळांचीं पानें अशाच कोंडलेल्या प्रोसेसांकडे सोंपविलीं.

भिंती उभारण्याची विद्या अशा रीतीनें पुष्कळशी हस्तगत झाली आहे. खरी अडचण सुरू होते ती खिडकीपाशीं. जिला दार नाहीं, खिडकी नाहीं, अशी खोली सुरक्षित खरी. पण तींत राहणारा कोणाच्या उपयोगी पडणार? दुकानाच्या ॲपनें रक्कम सांगावयाची आणि ती भरण्याचें काम बँकेच्या ॲपकडे सोंपवावयाचें, हा साधा व्यवहारहि निरोपावांचून होत नाहीं. एका प्रोग्रॅमचें फलित दुसऱ्याच्या हातीं देणारी 'पाइप' नांवाची नळी युनिक्स प्रणालींत १९७३ मध्यें आली, ती याच गरजेपोटीं.

मग निरोप कोणते जाऊं द्यावयाचे? जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनीं १९७५ च्या आपल्या निबंधांत यासाठीं एक तत्त्व मांडलें आहे: प्रत्येक प्रोग्रॅमला त्याच्या कामापुरता अधिकार असावा, त्याहून अधिक नसावा. लिनक्समध्यें २००५ सालीं आलेल्या सेककॉम्प या योजनेनें हें तत्त्व अगदीं टोकाला नेलें. तिच्या मूळ स्वरूपांत कोंडलेल्या प्रोसेसला प्रणालीकडे चारच मागण्या करतां येत. आधीं उघडून दिलेल्या वाटेनें वाचणें, तिच्यावर लिहिणें, आलेली सूचना हाताळून मूळ कामाकडे परतणें, आणि काम संपविणें, एवढ्याच त्या चार. पांचवी मागणी केली कीं त्या प्रोसेसचा तत्काळ अंत.

परंतु निरोप मोजके ठेवले म्हणजे निर्धास्त झालों, असें मात्र नाहीं. नॉर्म हार्डी यांनीं १९८८ मध्यें एक बोधप्रद प्रसंग लिहून ठेवला आहे. टाइमशेअर या अमेरिकन कंपनीच्या संगणकावर सर्व ग्राहकांच्या सेवेसाठीं एक कंपायलर होता. लोकांनीं लिहिलेल्या प्रोग्रॅमचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करणें हें त्याचें काम. स्वतःच्या कामाची आंकडेवारी नोंदवितां यावी म्हणून एका खास दप्तरांत लिहिण्याची त्याला मुभा होती, आणि त्याच दप्तरांत ग्राहकांच्या बिलांची वहीहि असे. कोणा ग्राहकानें काम सांगतांना, फलित लिहिण्याची जागा म्हणून त्या वहीचेंच नांव दिलें. वहीला हात लावण्याचा ग्राहकाला अधिकार नव्हता, कंपायलरला होता. त्यानें सांगितल्याबरहुकूम वहीवर लिहिलें, आणि बिलांच्या नोंदी नाहींशा झाल्या. हार्डी यांनीं अशा सेवकाला गोंधळलेला मुखत्यार म्हटलें. मालकाच्या किल्ल्या कमरेला आणि हुकूम मात्र परक्याचा, अशी त्याची अवस्था. उपाय एकच: निरोपाबरोबर निरोप धाडणाऱ्याचें अधिकारपत्र आलें पाहिजे, आणि मुखत्यारानें त्याच पत्राच्या बळावर तेवढेंच काम केलें पाहिजे.

मुखत्यार भोळा होता. पण दोन शेजाऱ्यांनीं संगनमतच केलें तर? २०१९ मध्यें कांहीं संशोधकांनीं अँड्रॉइडवरील ८८,००० हून अधिक ॲप्स तपासून पाहिलीं. प्रत्येक टेलिफोनला जन्मतः एक क्रमांक मिळालेला असतो, आणि त्यावरून तो टेलिफोन कोठेंहि ओळखतां येतो. हा क्रमांक वाचण्याची परवानगी कांहीं ॲप्सना होती, कांहींना नव्हती. एकाच बाहेरच्या मंडळीकडून उसना घेतलेला मजकूर दोन्ही प्रकारच्या ॲप्सच्या पोटांत होता. परवानगी असलेल्या ॲपनें क्रमांक वाचावा, टेलिफोनच्या सामायिक कोठारांत एका लपविलेल्या फाइलींत ठेवावा, आणि परवानगी नसलेल्यानें तेथून तो उचलावा, अशी सोय त्या मजकुरांत केलेली आढळली. भिंत कोठेंहि फुटली नव्हती. व्यवहार झाला तो सर्वांच्या अंगणांत. त्याच वर्षीं निघालेल्या अँड्रॉइड १० पासून या कोठारावर निर्बंध घालण्यास आरंभ झाला.

अंगणालाहि कुलूप लावलें, तर कुजबूज थांबेल काय? बटलर लॅम्प्सन यांनीं १९७३ मध्येंच या प्रश्नाचें निराशाजनक उत्तर देऊन ठेवलें आहे. त्यांचें म्हणणें समजण्यास आपल्या चाळींतला नळ पुरेसा आहे. वरच्या मजल्यावर कोणी नळ सोडला कीं खालच्या मजल्यावरची धार बारीक होते. आतां वरच्या आणि खालच्या बिऱ्हाडकरूंनीं आधीं संकेत ठरविला कीं, धार बारीक म्हणजे 'हो' आणि धार मोठी म्हणजे 'नाहीं', तर एक शब्दहि न बोलतां त्यांचा संवाद चालूं राहील. संगणकांत हा नळ म्हणजे सर्वांचा मिळून असलेला प्रोसेसर. एका प्रोसेसनें त्याला कामांत गुंतवावें, क्षणभर मोकळें सोडावें. दुसरीनें आपलें काम किती रेंगाळलें तें मोजावें. सामायिक असें कांहींहि आहे, तोंवर ही वाट पुरती बुजवितां येत नाहीं. ती अरुंद मात्र करतां येते. म्हणून अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें आपल्या १९८५ च्या निकषांत, दर सेकंदाला १ बिटाहून कमी, म्हणजे एका 'हो-नाहीं'हून कमी गळती बहुतेक ठिकाणीं चालण्यासारखी मानली, आणि १०० बिटांहून अधिक गळती भारी ठरविली.

ही पंडितांची निव्वळ शंका नव्हे, हें जानेवारी २०१८ मध्यें सर्वांना कळून चुकलें. प्रोसेसर वेळ वाचविण्यासाठीं पुढचें काम अंदाजानें आधींच करून ठेवतो. त्या अंदाजाच्या खुणा वेळ मोजून टिपल्या, तर जें वाचण्याचा अधिकार नाहीं तेंहि वाचतां येतें, असें 'स्पेक्टर' या नांवाच्या दोषानें सिद्ध झालें. ब्राउझरांनीं पानांना दिलेलीं घड्याळें मुद्दाम ढोबळ केलीं, आणि क्रोमनें संगणकावर निरनिराळ्या संकेतस्थळांना निरनिराळ्या प्रोसेसांत हलविलें.

यावरून गृहस्थानें काय बोध घ्यावा? ॲप कांहीं मागूं लागलें कीं टेलिफोन आपणांस विचारतो: याला आपले आप्तेष्ट दाखवूं काय, आपला ठावठिकाणा सांगूं काय? घाईंत आपण 'हो' म्हणतों, आणि समजतों कीं परवानगी एकालाच दिली. पण मुखत्यार भोळा असतो, शेजारी संगनमत करतात, आणि नळ सामायिक असतो. प्रणाली भिंत बांधील, खिडकीवर पहारा बसवील, कुजबूज मंद करील. पूर्ण मौन तिला लादतां येत नाहीं. खोलींत काय ठेवावयाचें हें मात्र आपल्या हातीं आहे. जें गुपित एखाद्या ॲपला कळलेंच नाहीं, तें त्याला कुजबुजतांहि येत नाहीं.