आधी दुरुस्तीची तरतूद, मग नवा खांब



  विद्युत विभागातल्या सहकाऱ्यांच्या लातूरमधल्या या परिषदेत संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘मराठवाड्यातील पथदिव्यांची वाटचाल’. ती वाटचाल थोडक्यात सांगतो आणि नोकरीभर जे मनात ठेवलं त्याकडे वळतो.

ट्यूबलाइट, मर्क्युरी, सोडियम आणि आता एलईडी, असा आपला प्रवास आहे. नांदेडला शिखांच्या गुरु-ता-गद्दीच्या 2008 मधल्या त्रिशताब्दीच्या निमित्तानं आणि केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेच्या पैशातून रस्ते रुंद झाले, शहराचं रूप पालटलं. लातूरला 2011 मध्ये महापालिका झाली. 5 जानेवारी 2015 ला केंद्रानं एलईडी पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, ईईएसएल कंपनी आली, आणि पिवळा उजेड जाऊन पांढरा आला. वाटचाल इथपर्यंत.

आता माझं म्हणणं. दिवा लावायला आपल्याकडे पैसा आहे, दिवा राखायला नाही. आमदार निधी आहे, खासदार निधी आहे, जिल्हा नियोजन समिती आहे, नगरोत्थान आहे, दलित वस्ती सुधार योजना आहे. या प्रत्येकातून खांब उभा राहतो, हायमास्ट उभा राहतो, नारळ फुटतो, फोटो छापून येतो. पण तोच दिवा तीन वर्षांनी बंद पडला की त्याचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा भाग, कोणत्या लेखाशीर्षातून घ्यायचा, हे कुणीच सांगत नाही.

मी ज्या पालिकेत होतो तिथं एकदा एकाच आठवड्यात माझ्या टेबलावर दोन फायली आल्या. पहिली माझीच, एका चौकाजवळच्या बंद पडलेल्या फिटिंगच्या ड्रायव्हरची मागणी. लेखा विभागाचा शेरा होता, ‘तरतूद शिल्लक नाही, पुढील आर्थिक वर्षात विचार व्हावा.’ दुसरी होती नव्या हायमास्टला तांत्रिक मान्यता देण्याची, आणि चौक तोच. त्या चौकाला मिळणाऱ्या रस्त्यावर ओळीनं खांब अंधारात होते. ट्यूशनहून सायकलवर परतणाऱ्या मुली त्या रस्त्यानं घोळक्यानं जायच्या आणि दुकानांचा उजेड लागेपर्यंत एकमेकींना हाका मारत राहायच्या. हायमास्ट झाला. रस्ता तसाच राहिला.

नांदेडचं भाग्यनगर घ्या, नाहीतर इथला ट्यूशन एरिया. कुठकुठल्या तालुक्यांतून पोरं येतात, खोल्या करून राहतात, रात्री साडेनऊला क्लास सुटतो. या दोन्ही शहरांचा बाजार त्या पोरांवर चालतो. त्यांच्या पायाखाली उजेड असणं ही कुणाची मेहरबानी नाही. 74 व्या घटनादुरुस्तीनं जी बारावी अनुसूची दिली, तिच्यात सतराव्या क्रमांकावर सार्वजनिक सुविधांमध्ये पथदिव्यांचा नावानिशी उल्लेख आहे. महापालिका अधिनियमात रस्त्यांवरची दिवाबत्ती बंधनकारक कर्तव्यांत मोडते. कर्तव्य बंधनकारक आणि तरतूद ऐच्छिक, हे मला कधी पटलं नाही, आजही पटत नाही.

पैसा नाही असं म्हणणाऱ्यांना मी खांबाचा हिशेब देतो. जुना अडीचशे वॅटचा सोडियम चोकसकट पावणेतीनशे वॅटच्या घरात जायचा. त्याच्या जागी एकशेवीसचा एलईडी बसला तर दीडशे वॅट वाचतात. वर्षाला दिवा साधारण चार हजार तास जळतो. म्हणजे एका खांबामागे सहाशे युनिट. ही बचत दरसाल होते. ती जाते कुठं? वीजबिल कमी झालं की ते लेखाशीर्षच पुढच्या अंदाजपत्रकात कमी करतात आणि उरलेला पैसा दुसरीकडे वळतो. दिव्यानं कमावलेलं दिव्याला मिळत नाही.

कालच्या सत्रात खूप वाद झाला, देखभाल कंपनीकडे द्यावी की आपल्या माणसांकडे ठेवावी. तरुण सहकाऱ्यांनी तक्ते दाखवले. माझ्याकडे तक्ता नाही, पाहिलेली गोष्ट आहे. एका मुख्य रस्त्याची अख्खी लाइन बंद होती. ठेकेदारानं सांगितलं, केबल गेली, नवी टाकावी लागेल. अंदाजपत्रकही तयार झालं. आमच्याकडे एक जुने वायरमन होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. मी विचारलं, “चाचा, केबल बदलावी लागेल का?” ते म्हणाले, “साहेब, पहले पेटी तो खोलो.” फीडर पिलर उघडला. न्यूट्रलचा लग जळून काळा पडला होता. चाचांनी वायर मागं कापली, टोक घासून साफ केलं, नवा लग दाबून बसवला आणि झाकण लावायच्या आधी हात फिरवून गरम होतो का ते पाहिलं. चहा येईपर्यंत लाइन चालू झाली. माझ्यापुरता तो वाद तिथं मिटला. शहराच्या प्रत्येक पेटीची ओळख असलेला माणूस पगारावर हवा, मग कंपनीशी करार असो वा नसो.

करारांना माझा विरोध नाही. कंपनीनं भांडवल घालायचं, पालिकेनं वाचलेल्या विजेतून सात वर्षं फेड करायची, ही कल्पना चांगली आहे. माझा प्रश्न आठव्या वर्षाचा आहे. ज्या पालिकांनी सुरुवातीला करार केले त्यांची सात वर्षं सरली. दरम्यान वायरमन निवृत्त झाले, पदं भरली गेली नाहीत, स्टोअर रिकामं झालं. सोडियमचा चोक, इग्निटर बाजारात कुठंही मिळायचा, वायरमन खांबावरच बदलायचा. एलईडीचं फिटिंग खाली उतरवावं लागतं, आणि दुसऱ्या कंपनीचा ड्रायव्हर त्यात बसेलच असं नाही. आपल्याकडे विजा कडाडतात, व्होल्टेज वर-खाली होतं, अर्थिंग कच्चं असतं. ड्रायव्हर जाणारच. तो जाईल हे गृहीत धरून पैसा बाजूला ठेवायला नको का?

जुन्या लोकांना आठवत असेल, जकात होती तेव्हा भरणा रोज यायचा आणि मुख्याधिकारी शब्दावर सामान आणू द्यायचे. नगरपालिकांची जकात 1999 मध्ये गेली, महापालिकांचा एलबीटी, म्हणजे जकातीऐवजी आलेला स्थानिक संस्था कर, 2015 मध्ये बहुतांशी संपला, आता अनुदानाची वाट पाहायची. ते दिवस परत येणार नाहीत, पण तेव्हा बंद दिवा चार दिवस बंद राहत नव्हता, हे मी विसरू शकत नाही. आणि 2021 मध्ये काय झालं? थकबाकीपोटी गावोगावच्या पथदिव्यांची वीज तोडली गेली. दिवाबत्ती कर भरणारी माणसं अंधारात बसली. शेवटी पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून बिल भरायची मुभा द्यावी लागली. विकासाचा पैसा बिलात गेला.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. वाचलेल्या वीजबिलाचा ठरावीक हिस्सा वेगळ्या खात्यात जावा आणि तो पथदिव्यांच्या दुरुस्तीशिवाय कशालाही वापरता येऊ नये. आणि कोणत्याही निधीतला नवा खांब आपल्या पाच वर्षांच्या बिलाची व देखभालीची तरतूद सोबत घेऊन यावा. नसेल तर तांत्रिक मान्यतेवर सही करू नका. सही आपली असते मित्रहो, आमदारांची नसते, ठेकेदाराचीही नसते. एकट्यानं नकार दिला तर बदली होते, ते मी पाहिलं आहे. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांनी मिळून दिला तर कुणाकुणाची बदली करतील?

नमुना अंदाजपत्रक तयार करायला एक छोटी समिती नेमू. नांदेड आणि लातूरच्या सहकाऱ्यांनी पुढाकार घ्यावा, बाकीचे येतील. खांबांची गणना, सुट्या भागांची सामाईक खरेदी, वायरमनच्या भरतीचा पाठपुरावा हेही करायचं आहे, त्याचं कसं ते बसून ठरवू. ठरावाचा मसुदा मी चिटणीसांकडे दिला आहे. दुपारच्या सत्रात तो मांडला जाईल, तेव्हा मागच्या रांगेतल्या वायरमन बंधूंनी आधी बोलावं.