कागदी पिशवीतला वीर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकी कुणी एकीने चार शब्द बोलावेत, असा आपला रिवाज आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. हळदीकुंकवाचे ताट फिरवायला सांगा, शंभर जणींत फिरवीन. पण बोलायला उभे राहायचे म्हटले की घशाला कोरड पडते. चिटणीसबाईंना मी तसे सांगितलेही. त्या म्हणाल्या, "तुम्हाला मनापासून जे वाटते तेच बोला, पुस्तकातले नको." तेव्हा मी आज एका सिनेमाची बाजू घेऊन बोलणार आहे.

मागच्या रांगेत हसू फुटलेले मला दिसले. हसा, पण पुढचे ऐकून घ्या.

सिनेमाचे नाव 'भावेश जोशी सुपरहीरो'. हिंदी आहे. १ जून २०१८ रोजी तो लागला. विक्रमादित्य मोटवाने यांनी तो काढला. समीक्षकांत त्याच्याविषयी दुमत झाले. कुणी लांबलचक म्हटले, कुणी रटाळ म्हटले. आणि थेटरात तर तो पडलाच. त्याच दिवशी 'वीरे दी वेडिंग' हा मोठमोठ्या नट्यांचा सिनेमा लागला होता, गर्दी तिकडे गेली. आमच्या घरी तो आला फार उशिरा. मुलाने मोबाइल टीव्हीला जोडला आणि म्हणाला, "आई, हा बघ. यात तुझ्या टँकरची गोष्ट आहे." मी लसूण सोलत बसले होते. लसूण तसाच राहिला.

गोष्ट थोडक्यात सांगते. मुंबईतले तीन मित्र. २०११ साली भ्रष्टाचाराविरुद्ध जे आंदोलन उठले, त्यात ही पोरे भारावून जातात. ते आंदोलन आपल्याला परके नाही. शिरूरचा पूल ओलांडून नगरच्या वाटेला लागले आणि वाडेगव्हाणच्या फाट्यावरून आत वळले की राळेगणसिद्धी. अण्णा हजारे दिल्लीला उपोषणाला बसले तेव्हा आपल्याकडे घरोघरी टीव्हीपुढे माणसे बसून होती. पुढे ते वारे ओसरले, पण या तिघांच्या डोक्यातून ते जात नाही. डोक्यावर कागदी पिशवी चढवायची, तिला डोळ्यांपुरती भोके पाडायची, आणि रस्त्यावर कायदा मोडणाऱ्याला हटकायचे, त्याचे चित्रण लोकांना दाखवायचे, हा त्यांचा उद्योग. सुरुवातीला सारा पोरखेळच आहे. मग त्यांतल्या भावेशला पाण्याची चोरी सापडते. नळाने लोकांच्या घरी जायचे पाणी वाटेतच वळवून टँकरने विकले जाते. तो त्या चोरीच्या मागे लागतो आणि जिवाला मुकतो. मग त्याचा मित्र सिक्कू परदेशाचा बेत बाजूला ठेवून तो मुखवटा आपल्या तोंडावर चढवतो. शेवट मी सांगत नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांचा रस जाईल.

आता नाव ठेवणाऱ्यांचे म्हणणे पाहू. पहिले म्हणणे असे, की हा कसला सुपरहीरो? हा उडत नाही, हाताने आगगाडी थांबवत नाही. कराटे शिकतो, मोटारसायकल चालवतो आणि पुष्कळ मार खातो. यावर मुलाने मला एक गमतीची गोष्ट सांगितली. या उडणाऱ्या वीरांचा थोरला भाऊ म्हणजे सुपरमॅन. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी तो रचला आणि १९३८ साली त्याची पहिली चित्रकथा छापून आली. त्या पहिल्याच अंकात त्याने काय केले असेल? बायकोला मारणाऱ्या एका नवऱ्याला धडा शिकवला, आणि एका बेइमान पुढाऱ्याच्या मागे लागला. परग्रहावरचे राक्षस पुढे आले. म्हणजे शेजारच्या घरातला अन्याय आणि गावातली लाचखोरी हीच या वीरांची पहिली कामे. मग भावेशने पाण्याची चोरी धरली, तर त्याने कुळाचार मोडला असे कसे म्हणता येईल?

दुसरे म्हणणे असे, की पाण्याचा घोटाळा हा विषय सिनेमाला रुक्ष आहे. हे वाचून मात्र मला राग आला. ज्याच्या घरी तोटी फिरवली की पाणी येते, त्यानेच हे लिहावे. माझे माहेर दौंड तालुक्यातले. खडकवासल्याच्या कालव्याचे आवर्तन सुटले की आमच्या उसाच्या सऱ्या भरायच्या आणि आम्ही पोरी पाटात पाय सोडून बसायचो. लग्न झाले, भीमा ओलांडून मी शिरूर तालुक्याच्या कोरड्या अंगाला आले, आणि पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाईंनी शिकवले की तांदूळ धुतलेले पाणी भांड्याला, भांड्याचे पाणी जनावराला. दोन्ही तालुके शेजारी, पण एकीकडे पाण्यात पाय आणि दुसरीकडे पाण्यासाठी पाय. पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाईकडून आपल्यात सुना आलेल्या आहेत, त्यांना मी काय सांगावे!

आणि मुंबईचे पाणी तरी येते कुठून? तानसा आणि भातसा ही धरणे ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बाया टँकरची वाट पाहतात. धरणाच्या उशाला कोरडा हंडा! हा विषय ज्याला रुक्ष वाटतो, त्याने एकदा मे महिन्यात भरलेली घागर डोक्यावर घेऊन चालून पाहावे. मोटवाने यांना पाणी म्हणजे काय ते कळते, हे त्यांच्या आधीच्या 'ट्रॅप्ड' या २०१७ सालच्या सिनेमातही दिसते. त्यात एक तरुण उंच इमारतीतल्या रिकाम्या घरात अडकतो. अन्न नाही, वीज नाही, पाणी नाही. पावसाचे थेंब तो कसे साठवतो ते पाहताना माझे हात आपोआप पदराकडे गेले.

तिसरे म्हणणे असे, की यातला नायक दुबळा आहे, चुका करतो. खरे आहे. सिक्कूला पारपत्र हवे असते. त्याच्या चौकशीसाठी आलेल्याला तो लाच देतो. एवढी भाषणे करणारा मुलगा आपले काम निघाले की मुकाट्याने पैसे काढतो. भावेशला ते सहन होत नाही, आणि तिथून दोघांत फूट पडते. समीक्षकांना तो दुबळेपणा वाटला. मला मात्र त्या जागी मीच दिसले. का, ते आज सर्वांसमक्ष सांगते.

३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत आपला शिरूर होता आणि दौंडही होता. त्यानंतरचा २०१९चा उन्हाळा आपण कुणी विसरणार नाही. आमच्या आळीत टँकर यायचा आणि दारोदार मांडलेल्या पिंपांत पाणी सोडायचा. माझ्या घरी पाहुणे यायचे होते. मी टँकरवाल्याच्या हातात शंभराची नोट ठेवली. हळूच, पदराआडून. माझी दोन पिंपे जास्तीची भरली. आळीच्या शेवटच्या घरी एक आजी एकट्या राहतात. त्यांच्या दारापर्यंत जाईतो टँकर रिकामा झाला. पाटाच्या पाण्यावर जी माणसे टेलला असतात त्यांचे हाल मी माहेरी लहानपणापासून ऐकले होते. आणि इथे आजींना टेलला टाकणारी मीच निघाले. संध्याकाळी दोन हंडे मी त्यांच्याकडे नेऊन ओतले. "बाई, देव तुझे भले करो," असे त्या म्हणाल्या. तो आशीर्वाद मी घेतला आणि खरे काय ते बोलले नाही.

सिनेमात सिक्कूने पैसे काढले तेव्हा ती नोट मला आठवली. मुलगा शेजारी बसला होता. लाच देणारे लोक कोण, असे मी त्याला आजवर पुष्कळदा ऐकवले होते. त्या रात्री मला ऐकवता आले नाही. दुसऱ्या दिवशी मी आजींकडे गेले आणि सारे सांगितले. आजी म्हणाल्या, "अगं, मला तेव्हाच ठाऊक होतं. पाण्याचा पाइप कुणाच्या पिंपात किती वेळ राहतो, ते म्हातारीला दिसतं. तू कधी बोलतेस, एवढीच वाट बघत होते." त्या आजी आज दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्या परवानगीनेच मी हे सांगते आहे.

म्हणून मी म्हणते, सिक्कूसारखा चुकलेला नायक आपल्याला हवा. जो कधी चुकलाच नाही, त्याच्याकडे पाहून आपण टाळ्या वाजवतो आणि घरी येतो. जो चुकला, लाजला आणि मग उभा राहिला, त्याच्याकडे पाहून आपल्याला स्वतःचा हिशेब मांडावा लागतो. हे काम फार थोडे सिनेमे करतात.

मी आंधळी वकिली करीत नाही. सिनेमा सुमारे अडीच तासांचा आहे. मधला काही भाग कापला असता तर बरे झाले असते. अंधार इतका आहे, की काही ठिकाणी कोण कुणाला मारतो तेच समजत नाही. आणि माझी मोठी तक्रार निराळीच आहे, ती कुणा समीक्षकाने केल्याचे माझ्या वाचनात आले नाही. पाण्यासाठीची एवढी लढाई, आणि त्यात बाई जवळजवळ नाहीच! पाणी येवो न येवो, हंडा आपल्याच कमरेवर असतो. मला तो सिनेमा काढता आला असता, तर कागदी पिशवीशेजारी एक डोईवरचा पदर नक्की असता.

खलनायकाचे काम मात्र आपल्या निशिकांत कामत यांनी फार चोख केले आहे. ज्यांनी २००५ साली 'डोंबिवली फास्ट' हा मराठी सिनेमा काढून साध्या माणसाचा संताप दाखवला, त्यांनीच इथे त्या संतापाला कारण होणारा पुढारी उभा केला. आवाज चढवत नाही, पण अंगावर काटा येतो. १७ ऑगस्ट २०२० रोजी ते गेले.

शेवटी एवढेच. भावेश गेला तरी मुखवटा राहतो, आणि तो दुसरा कुणी उचलतो. मला वाटते, सिनेमाचे सार तेवढेच आहे. वीर उडतो की नाही याला महत्त्व नाही; एक खाली पडला तर दुसरा उभा राहतो की नाही, याला आहे. आपल्याला मुखवटाही नको. आजींशी बोलून आल्यावर मी मंडळात एक वही मागितली होती, ती तुम्हाला आठवत असेल. त्या वहीत आळीतल्या घरांची नावे आहेत, शेवटच्या घरापासून सुरुवात केलेली. पुन्हा टँकर लागला, तर दोघीजणी वही घेऊन उभ्या राहतील आणि पाणी आधी शेवटच्या दारी जाईल. देव करो आणि ती वही उघडण्याची वेळ न येवो. पण आलीच, तर पहिल्या दिवशी उभे राहायला माझे नाव लिहून ठेवा. मला आजारपण आले किंवा गावाला जावे लागले, तर माझ्या जागी कोण, तेही नाव आजच लिहू या.