बुटीक हॉटेलातल्या दोन रात्री

कुणी भाकरी थापत असाल, कुणी गोठ्यात असाल, कुणाच्या हातात सुई-दोरा असेल. हात चालू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज आम्ही आमच्या अभ्यास सहलीतल्या दोन रात्रींबद्दल बोलणार आहोत.

आम्ही अकोले तालुक्यातल्या, भंडारदऱ्याच्या पाण्याकाठच्या बचत गटांतल्या बाया. तुळशीची लग्नं उरकली आणि आम्ही आठ जणी राजस्थानात उदयपूरला निघालो. घोटीपर्यंत एसटी, तिथून मुंबई, मग बांद्र्याहून रात्रीची गाडी. दुसऱ्या दिवशी दुपारी उतरलो तेव्हा सगळ्यांचे पाय सुजलेले. गेलो होतो गोधडीसाठी. तिथे ‘साधना’ नावाची बायकांची संस्था आहे, 1988 साली सुरू झालेली. कापडाचे तुकडे जोडून, धावदोरा घालून त्या बाया चादरी आणि कुर्ते करतात आणि ते चांगल्या भावाला विकतात. आमच्या गोधडीला तेवढा भाव का मिळत नाही, हे बघायचं होतं. ती हकिगत मोठी आहे, वेगळ्या दिवशी सांगू.

पण आणखी एक गोष्ट आमच्याबरोबर आली होती. आमच्यातल्या एका ताईच्या पिशवीत, औषधाच्या डबीखाली, एक कागद होता. ताईची तीस गुंठे जमीन आहे, अगदी पाण्यासमोर. पावसाळ्यात तिथून धबधबे दिसतात, मे संपता संपता झाडं काजव्यांनी पेटतात. मुंबईच्या एका पार्टीला ती हवी होती. तीस वर्षांचा भाडेपट्टा, एकदाच तीन लाख रुपये आणि मुलाला वॉचमनची नोकरी. तिथे तंबू, लग्नासाठी हिरवळ आणि लग्नाआधीचे फोटो काढायला लाकडी माची करणार होते. ताईंचे यजमान नाहीत, मुलगा बारावी होऊन घरी बसलेला. मुलगा म्हणत होता, दे. ताई म्हणत होती, जाऊन आल्यावर बघू. कागद घरी ठेवला तर पोरगं अंगठा घेईल, म्हणून बरोबर आणलेला.

उदयपुरात आमची सोय एका धर्मशाळेत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी सांगण्यात आलं, संध्याकाळपर्यंत खोल्या खाली करा, वऱ्हाड येतंय. सगळं गाव लग्नांनी भरलेलं. चार ठिकाणी विचारलं, चारही ठिकाणी नाही. मग आमच्याबरोबरच्या तिथल्या बाई म्हणाल्या, माझ्या ओळखीचं एक बुटीक हॉटेल आहे.

आता आमच्याकडे बुटीक म्हणजे ब्लाऊज शिवायचं दुकान. आमच्यातली एक काकू म्हणाली, “अगं, दुकानात कुठं झोपायचं? कपाटात?” हसून घेतलं, पण अर्थ कुणालाच माहीत नव्हता. आता सांगतो. बुटीक हॉटेल म्हणजे मोजक्या खोल्यांचं लहान हॉटेल. मोठ्या हॉटेलात शंभर खोल्या एकाच साच्यातल्या असतात, इथे प्रत्येक खोली वेगळी. घर बहुतेक जुनं, सामान त्याच मुलखातलं, जेवण तिथल्या हातचं. पाहुणा पैसे देतो ते त्या वेगळेपणाचे.

पिछोला तलावाजवळच्या गल्लीत ही जुनी हवेली होती. खोल्या अकरा. मालकीण चाळिशीच्या पुढची, कामावरचे सगळे तिला भाभीसा म्हणत होते, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. दारावरच्या पाटीवर एका खोलीचा भाव साडेचार हजार. आमचे चेहरे बघून तिने विचारलं, “कितने दे सकते हो?” आम्ही दोन हजार म्हणालो आणि एका खोलीत चौघी झोपू म्हणालो. तिने हो म्हटलं, वर खाली अंथरायला गाद्या पाठवल्या. एरवी आम्हाला परवडलंच नसतं, हे लपवत नाही.

खोली सुंदर होती. भिंतीतच कोनाडे, खिडकीला दगडी झरोका, झरोक्यात बसायला गादी. बसलं की समोर तलाव आणि तलावाच्या मधोमध पांढरा महाल. तो 1740च्या दशकात महाराणा जगतसिंह दुसरे यांनी बांधवला, आता तिथे मोठं हॉटेल आहे. जिने मात्र इतके उभे की आमच्या काकूंनी दोन दिवसांत चारदाच वर-खाली केलं. आणि अंगणात काय असावं? जातं. दगडी जातं, त्यात झेंडूची फुलं ठेवलेली, शेजारी तांब्याचं घंगाळ. एक परदेशी जोडपं जात्याचा फोटो काढत होतं. काकू खाली बसल्या, खुंटा धरून दोन फेरे फिरवले. खुंटा सैल होता. “दळत न्हाई हे, नुसतं बसवलंय,” म्हणाल्या. आमच्यातल्या कितीजणींनी आपलं जातं अंगणाच्या कोपऱ्यात उपडं टाकलंय, ते त्या क्षणी आठवलं.

तुम्ही मोबाइलवर उदयपूरची लग्नं बघितली असतील. रवीना टंडनचं लग्न 2004 साली तिथल्या जगमंदिरात झालं, परिणिती चोप्राचं 2023च्या सप्टेंबरात तलावाकाठच्या हॉटेलात. ते बघून आता व्यापारी, डॉक्टर, परदेशात राहणारे, सगळे तिकडे लग्नं नेतात. आम्ही गच्चीवरून एक लग्न बघितलं. नावांतून पाहुणे, पाण्यात दिव्यांच्या रांगा, आतषबाजी. अर्धा तास आम्ही तोंडं उघडी टाकून बघत होतो. आमची सगळ्यात धाकटी म्हणाली, एवढ्यात आपल्या गावातल्या सगळ्या पोरींची लग्नं होतील. कुणी काही बोललं नाही.

पहाटे पाचला चहा मिळतो का बघायला आम्ही मागच्या गल्लीत उतरलो. तिथे लग्नाची दुसरी बाजू होती. झेंडूच्या माळांचे ढीग, न खाल्लेल्या मिठायांची पातेली, आणि पायरीवर बसलेल्या पाच-सहा बाया. रात्रभर केटररची भांडी घासून आलेल्या. हात पांढरेफटक, सुरकुतलेले. शहराभोवतीच्या डोंगरांतल्या भिल्ल बाया होत्या त्या. आमच्यातल्या बहुतेक जणी महादेव कोळी. त्यांची भाषा आम्हाला अर्धी कळली, बाकीची हातांवरून कळली. एका रात्रीचे चारशे, त्यातले साठ रिक्षाला. पैसे ठेकेदार देतो, कधी आठ दिवसांनी.

त्यातली एक बाई समोरच्या डोंगराकडे हात करून बोलली. तिथे जे रिसॉर्ट आहे, ती जमीन तिच्या काकाची होती. आता तिचा भाऊ त्याच फाटकावर उभा असतो. आमच्या ताईने लगेच विचारलं, “कितने मिले थे?” तिला आकडा माहीत नव्हता. म्हणाली, मोटरसायकल आली होती. मग थोडं थांबून म्हणाली, तीही आता नाही.

ताई चहा तसाच ठेवून वर गेली. मागून आम्ही गेलो तर कागद बाहेर काढून झरोक्यात बसलेली.

त्या दुपारी आम्ही शिल्पग्राम बघायला जाणार होतो. शहराबाहेर आहे ते, पश्चिम विभागातल्या राज्यांची घरं तिथे बांधून ठेवलीत, आपल्या महाराष्ट्रातलीही. निम्म्या जणी गेल्या. आम्ही उरलेल्या भाभीसाजवळ बसलो आणि तिला सरळ विचारलं, तुझं घर तू कसं राखलंस?

तिने गोड गोड काही सांगितलं नाही. सासऱ्यांच्या मागे घर विकायचंच ठरलं होतं, दिरांना वाटणी हवी होती. एक कंपनी लांब मुदतीने घ्यायला तयार होती. तिने नवऱ्याला पटवलं, दिरांचा हिस्सा कर्ज काढून फेडला आणि तीन खोल्यांवर सुरुवात केली. पहिली दोन वर्षं स्वतःच चादरी धुतल्या. 2020 साली टाळेबंदीत एकही पाहुणा नाही, तेव्हा बांगड्या मोडल्या. उन्हाळ्यात आजही निम्म्या खोल्या रिकाम्या. मोबाइलवरून येणाऱ्या बुकिंगमधून शंभरातले पंधरा ते वीस रुपये मधली कंपनी कापून घेते. तिने वहीच समोर ठेवली. गॅस, वीज, साबण, दूध, फुटलेले कप, सगळं लिहिलेलं. आपल्या गटाच्या वहीइतकी नीट वही होती, आणि आमच्यातल्या काहींच्या वहीपेक्षा बरीच नीट, हे आमच्या सचिवांची माफी मागून सांगतो.

लग्नवाल्यांबद्दल विचारलं तर तिने कपाळाला हात लावला. अख्खं हॉटेल मागतात, भाव पाडतात, भिंतींना चिकटपट्ट्या लावतात, रंग निघतो. “शादी से नाम होता है, घर तो मुसाफिर से चलता है,” म्हणाली. दोन रात्री राहणारा, दाल-बाटी विचारून खाणारा साधा प्रवासी तिला बरा वाटतो. आणि पाणी. हा तलाव चौदाव्या शतकात एका बंजाऱ्याने बांधला असं तिथे सांगतात. 2000 नंतरच्या दुष्काळी वर्षांत तो इतका आटला की माणसं महालापर्यंत पायी जात. ते तिने डोळ्यांनी बघितलंय. तेव्हापासून तिच्याकडे टब नाहीत, बादल्या आहेत. आमच्याकडे धरण उशाला आणि मे महिन्यात डोक्यावर हंडा. लग्नाच्या हिरवळीला पाणी कुठून येणार होतं, हे त्या कागदात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आमच्यात तिथेच दोन तट पडले. काही म्हणाल्या, भाभीसाकडे हवेली होती, ताईकडे काय आहे? कुडाचं घर आणि तीस गुंठे खडक. तीन लाख कोण देतंय? हे म्हणणं खोटं नव्हतं. रात्री गाद्यांवर पडून त्यावर इतकं भांडण झालं की शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर ठोकलं.

परत आल्यावर आम्ही पहिलं काम केलं ते म्हणजे तो कागद घेऊन राजूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात गेलो. तिथे जे कळलं ते प्रत्येकीने नीट ऐका. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, तिचं कलम 36-अ. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परस्पर देता येत नाही. विक्रीच नव्हे, भाडेपट्टाही नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. त्याहून जास्त मुदतीचा असेल तर जिल्हाधिकारी मंजुरी देण्याआधी राज्य शासनाची मान्यता घ्यावी लागते. आणि आदिवासी असो वा नसो, एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी कार्यालयात नोंदवावाच लागतो. ताईचा कागद होता पाचशेच्या स्टॅम्पवर, तीस वर्षांचा, ना मंजुरी, ना नोंदणी. म्हणजे ज्या कागदावरून आई-लेकात महिनाभर अबोला होता, तो कागद कायद्यात उभाच राहत नव्हता. पण सही झाली असती, पैसे खर्च झाले असते आणि तंबू उभे राहिले असते, तर ते काढायला कोण धावलं असतं?

दुसरी चौकशी केली पर्यटन संचालनालयाकडे. महिलांसाठी ‘आई’ नावाचं पर्यटन धोरण 2023 साली आलंय. बाईच्या मालकीचा पर्यटन व्यवसाय असेल, तर बँकेच्या 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं 12 टक्क्यांपर्यंतचं व्याज शासन परत देतं. हप्ता मात्र आधी आपणच वेळेवर भरायचा. घरातल्या खोल्या पाहुण्यांना द्यायच्या असतील तर निवास व न्याहारी योजनेत नोंदणी होते. कर्जाला घाबरणाऱ्या आहेत, त्यांना आम्ही दोष देत नाही. ताईनेही बँकेचं नाव काढलं नाही. गटातून चाळीस हजार घेतले, एका खोलीपुरते.

खोली तयार होतेय. भिंत कुडाचीच ठेवली, आतून शेणामातीने सारवून घेतली. अंथरायला आमच्या गटाच्या गोधड्या. ताटात काय द्यायचं यावर बैठक झाली. नागलीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, वरणभात, पावसाळ्यात रानभाज्या. भाव ठरवताना पुन्हा भांडण झालं. आमच्या काकूंनी कोपऱ्यातलं जातं धुऊन काढलंय, त्याचा खुंटा घट्ट बसवलाय आणि सांगितलंय, पाहुण्याला फोटो काढायचा असेल तर आधी दोन मुठी दळून दाखवायचं.

मुंबईच्या पार्टीचा फोन अजून येतो. आता चार लाख म्हणतात. मुलाचं मन अजून तिकडेच आहे, आणि नोकरीचं त्याचं म्हणणं आम्हाला कळतं. एका खोलीवर त्याचं पोट भरेल असं आम्ही त्याला सांगितलेलं नाही. आईशी तो फारसा बोलत नाही. पण पाहुण्यांसाठी संडास बांधायचाय, तर परवा शोषखड्डा खणायला कुदळ घेऊन आपणहून आला. साडेचार फुटांवर खडक लागलाय. सुतकी घेऊन उद्या पुन्हा येतो म्हणाला.