बंदूक स्वयंचलित नको, परवानगी वेळेवर हवी



धार-देवासकडे रानडुकरांचा कळप एका रात्रीत मका लोळवतो. पीककर्जाचे हप्ते मागणारे आम्ही बँकवाले हे नुकसान जवळून पाहतो. काहीजण आता स्वयंचलित बंदुका मागतात. पण १९५९ च्या शस्त्र कायद्यात ते निषिद्ध शस्त्र आहे. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. शिवाय अंधारात उभ्या पिकात गोळ्यांचा मारा केला, तर राखणीला बसलेला आपलाच भाऊ सापडेल.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ११ नुसार, उभ्या पिकाला धोका असल्यास वनखाते शिकारीची लेखी परवानगी देऊ शकते. ती पीक उभे असतानाच मिळावी आणि पटवाऱ्याच्या पंचनाम्यानंतर महसूल परिपत्रक ६(४) ची भरपाई अडू नये, एवढेच आपण मागू. ग्रामसभेत ठराव करा, अर्जाची पोच घ्या.