राखीव जागेपासून वर्गाच्या दारापर्यंत

(तंत्रनिकेतनातील अध्यापकांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



तंत्रशिक्षणातील समान संधीचा विचार करताना आपले लक्ष प्रथम जागांच्या संख्येकडे जाते, आणि ते योग्यच आहे. भारतीय तंत्रज्ञान संस्थांमध्ये (आयआयटी) अनुसूचित जाती-जमातींसाठी १९७३ पासून जागा राखीव आहेत. २००६ च्या केंद्रीय कायद्याने इतर मागासवर्गीयांसाठी २७ टक्के आरक्षणाची तरतूद झाली. याच संस्थांत बी.टेक. अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या मुलींचे प्रमाण २०१७ पर्यंत दहा टक्क्यांच्या आतच होते. २०१८ पासून, मुलांच्या जागा कमी न करता, मुलींसाठी अतिरिक्त जागा निर्माण करण्यात आल्या आणि २०२० पर्यंत हे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर गेले. प्रवेश परीक्षा तीच होती. याचा अर्थ, गुणवत्ता होतीच. दार अरुंद होते.

तथापि, जागा मिळणे आणि प्रत्यक्ष वर्गात बसणे यांत अंतर आहे. २०२४ मध्ये धनबादच्या संस्थेत जागा मिळालेल्या एका दलित विद्यार्थ्याला १७,५०० रुपयांचे प्रवेश शुल्क मुदतीत भरता आले नाही. वडील रोजंदारीवर काम करणारे. पैशांची जुळवाजुळव होईतो संकेतस्थळ बंद झाले व जागा गेली. अखेर ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या अनुच्छेद १४२ खालील अधिकार वापरून त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला.

यातील विसंगती लक्षात घ्या. २०१६ मध्ये या संस्थांचे वार्षिक शिक्षण शुल्क ९० हजारांवरून दोन लाख रुपये झाले, तेव्हाच अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना ते पूर्ण माफ करण्यात आले. म्हणजे ज्याचे लाखो रुपयांचे शुल्क शासन सोसणार होते, तोच विद्यार्थी साडेसतरा हजारांसाठी दाराबाहेर राहिला. अर्थशास्त्राच्या दृष्टीने अडचण एकूण खर्चाची नव्हती. योग्य वेळी हाती रोख रक्कम नसण्याची होती. गरिबाला पैसा महाग पडतो, त्याहून वेळ महाग पडते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत विनातारण कर्जाची सोय आहे. ती स्वागतार्ह आहे. परंतु प्रवेश निश्चित होण्यापूर्वीच्या चार-आठ दिवसांची निकड कर्जाने भागत नाही. म्हणून दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, ज्यांना शिक्षण शुल्क माफ आहे, त्यांच्याकडून प्रवेशाच्या वेळी कोणतीही रक्कम घेऊ नये. ती पुढे शिष्यवृत्तीतून वळती करावी. दुसरी, शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता वर्षअखेरीस नव्हे, तर पहिल्या सत्राच्या आरंभीच मिळावा.

याच्याही मागे जावे लागेल. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण भागातील केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. शहरी भागात हे प्रमाण २३.४ टक्के होते. ज्याने घरी संगणक पाहिलाच नाही, त्याला पहिल्या सत्रात मंदबुद्धी ठरवणे हा आपल्या मोजमापाचा दोष होय. इथे शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. सायंकाळी प्रयोगशाळा दोन तास अधिक उघडी ठेवणे आणि अवघड संज्ञा विद्यार्थ्याच्या भाषेत समजावून देणे आपल्याच हाती आहे.

आरक्षणाने जागा दिली आहे. त्या जागेपर्यंतची शेवटची काही पावले सुकर करणे, हे आता आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.