डाळिंबाच्या बागेतलं प्रतिजैविक

नाशिक जिल्ह्यात सटाणा, मालेगाव, देवळा हा सारा डाळिंबाचा पट्टा. पावसाळी, दमट हवा लागली की फळावर तेलकट, काळपट डाग उठतात, मग साल तडकते आणि हातातोंडाशी आलेला माल मातीमोल होतो. हा तेल्या रोग. तो होतो झँथोमोनास नावाच्या जिवाणूमुळे.

त्यावर बागायतदारांनी वर्षानुवर्षं स्ट्रेप्टोसायक्लिन फवारलं. या पावडरीत स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन अशी दोन प्रतिजैविकं असतात. 1943 मध्ये सापडलेलं स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावरचं पहिलं परिणामकारक औषध. एकटं दिलं, तर क्षयाचे जंतू काही महिन्यांतच त्याला दाद देईनासे होतात, हे सुरुवातीच्या काळातच दिसलं होतं.

फवारणीत बहुतेक जिवाणू मरतात. जनुकीय बदलामुळे तगलेले मोजके वाढतात. शिवाय जिवाणू प्रतिकाराची जनुकं दुसऱ्या जातीच्या, अगदी माणसाला आजारी पाडणाऱ्या जिवाणूंनाही देऊ शकतात. म्हणून बागेतल्या मातीची काळजी दवाखान्यानंही करायला हवी.

औषधं निकामी झाली की काय होतं, ते मुंबईत दिसलं. 2011 च्या अखेरीस तिथल्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी चार क्षयरुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तपासलेलं एकही औषध त्यांच्या जंतूंवर चालत नव्हतं. कारण शेतीतलं नव्हतं. ते होतं चुकीचे, अर्धवट उपचार.

डिसेंबर 2021 मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयानं मसुदा आदेश काढून स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन या दोन्ही प्रतिजैविकांचा शेतीतला वापर 2024 पासून थांबवण्याचं सुचवलं. त्यांच्याशिवायही बागेत करण्यासारखं बरंच आहे: रोगट फळं-फांद्या काढून जाळणं, प्रत्येक झाडानंतर छाटणीची कात्री निर्जंतुक करणं, बोर्डो मिश्रण फवारणं, आणि पावसातला मृग बहार टाळून हस्त बहार धरणं.